विष मुळात, मोल पानात

निपाणीच्या काळ्या रानात तंबाखू कमरेला लागली की तिच्या शेंड्यावर कळ्यांचा तुरा दिसू लागतो, आणि शेतकरी तो तुरा खुडून टाकतो. बोटांच्या चिमटीत कोवळा शेंडा धरायचा, मोडायचा आणि पुढच्या झाडाकडे सरकायचं. सगळं रान असं बोडकं केलं जातं. बियाण्यासाठी राखलेली चार झाडं सोडली तर या पट्ट्यात तंबाखू फुलतच नाही. ज्यानं ती चार झाडं पाहिली त्यालाच ठाऊक, की तंबाखूचं फूल किती देखणं असतं. बोटभर लांब फिकट नळी, आणि तिच्या तोंडाशी पाच टोकांचा गुलाबी घेर.

खुडणी का करायची, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: जोर फुलात जाऊ नये, पानात यावा. पान जाड व्हावं, कडक व्हावं. उत्तर खरं आहे, पण निम्मं आहे. शेंडा मोडल्यावर मोठी घडामोड होते ती जमिनीखाली, मुळांत. तिथपर्यंत जायचं तर आधी हे झाड नीट ओळखून घ्यायला हवं.

आमच्या मच्छेच्या शिवारात तंबाखू नाही. बेळगावच्या दक्षिणेला, खानापूरच्या रस्त्यावर असलेलं हे गाव तांबड्या मातीचं, मोठ्या पावसाचं. इथं भात आणि रताळी. तंबाखूचं रान पाहायचं तर बेळगाव ओलांडून काकती, हत्तरगी, संकेश्वर असं उत्तरेला जावं लागतं. वाटेत पाऊस कमी होत जातो, माती काळी होत जाते, आणि तवंदीचा घाट ओलांडला की निपाणी येते. अवघ्या दोन तासांच्या रस्त्यात पीक पार बदलतं. चंची मात्र दोन्हीकडे सारखीच. आमच्याकडच्या भातलावणीच्या बांधावरही चुन्याची डबी हातोहात फिरते.

तंबाखूचं बी पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते बी आहे यावर विश्वास बसत नाही. तपकिरी धूळ वाटते. एका ग्रॅममध्ये साधारण दहा ते बारा हजार बिया मावतात. एवढ्याशा बीत शिदोरी ती किती असणार? म्हणून ती खोल पेरत नाहीत. वाळूत किंवा राखेत मिसळून वाफ्यावर नुसती भुरभुरवतात. तिला उजेड लागतो. त्याआधी वाफ्यावर राब भाजतात. पालापाचोळा, काटक्या जाळून वरची माती तापवली की तणाचं बी मरतं, रोपाला मर लावणारी बुरशी मरते आणि मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमीही कमी होतात. मग पावसाळ्यात तरू उपटून रानात लावायचं. आणखी एक नवल असं की या बियांमध्ये निकोटिन जवळजवळ नसतंच. असतं ते तेल, वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडं जास्त. विषाचा कारखाना सुरू होतो तो कोंब फुटून मूळ धरल्यावर.

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तंबाखू ही वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची यांच्या कुळातली. धोतराही त्याच घरातला. या कुळाला रसायनं बनवण्याचा जबरदस्त नाद आहे: मिरचीची तिखट आग, धोतऱ्याची भ्रमिष्ट करणारी विषं, हिरव्या पडलेल्या बटाट्यातला कडवटपणा. तंबाखूनं निकोटिन निवडलं. आपल्याकडे पिकते ती निकोटिआना टॅबॅकम. ही जात जंगलात कुठंच उगवत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या बाजूला दोन वेगवेगळ्या रानटी जातींचा संकर झाला आणि दोघींची गुणसूत्रं पूर्णच्या पूर्ण एकत्र आली: चोवीस आणि चोवीस, मिळून अठ्ठेचाळीस. एक आई पांढऱ्या, रात्री दरवळणाऱ्या फुलांची. तिचा वास पतंगांसाठी. आज निपाणीच्या वखारीत बोदात दाबून भरलेल्या पानाच्या प्रत्येक पेशीत ती दोन्ही रानटी झाडं शेजारी शेजारी नांदताहेत.

खुडणी करून आलेल्या बाईचे हात संध्याकाळी पाहावेत. बोटांवर काळपट डिंकाचा थर बसलेला असतो. साबणानं लवकर निघत नाही, आणि त्याच हातानं भाकरी मोडली तर घास कडू लागतो. हा डिंक येतो पानावरच्या केसांतून. साधं भिंग घेऊन पान उन्हात तिरकं धरलं तर दिसतं, की सगळ्या पृष्ठभागावर बारीक उभे केस आहेत आणि पुष्कळ केसांच्या टोकाला एकेक चमकता थेंब आहे. मावा, चिलटं त्यात चिकटून मरून पडलेली दिसतात. पानाच्या संरक्षणाची ही पहिली फळी. दुसरी फळी आत, रसात.

आणि रसातलं हे निकोटिन माणसाच्या कातडीतूनही आत शिरतं. दंव पडलेल्या किंवा पावसानं भिजलेल्या पानांत तास न् तास काम केलं की निकोटिन पाण्यात उतरून त्वचेतून रक्तात जातं. डोकं गरगरतं, मळमळतं, उलट्या होतात. उन्हानं झालं असेल, पित्त झालं असेल म्हणून ते अंगावर काढलं जातं. वैद्यकशास्त्रात या दुखण्याची ‘हिरव्या तंबाखूचा आजार’ अशी वेगळी नोंद आहे. ज्यानं उभ्या जन्मात तंबाखू तोंडात धरली नाही त्यालाही तो होतो. उलट त्याला जास्तच होतो, कारण त्याच्या शरीराला सवय नसते.

आता मुळांकडे. पानात सापडणारं निकोटिन पानातच तयार होत असणार, असं कुणालाही वाटेल. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी साधी कलमं बांधून हे तपासलं. तंबाखूच्या खुंटावर टोमॅटोची फांदी बसवली, आणि टोमॅटोच्या पानात निकोटिन उतरलं. उलट टोमॅटोच्या खुंटावर तंबाखू बसवली, तर तंबाखूच्या पानात ते जेमतेम सापडलं. चाकू, दोरा आणि दोन रोपं, एवढ्या सामानात उत्तर मिळालं: निकोटिन मुळांच्या टोकांशी तयार होतं, पाण्याबरोबर खोडातून वर चढतं आणि पानांतल्या पेशींच्या पोकळ्यांमध्ये साठवलं जातं. मला वनस्पतिशास्त्रातल्या सगळ्या प्रयोगांत हा प्रयोग फार प्रिय आहे. ज्याला आंब्याचं कलम बांधता येतं, त्याला तो करता आला असता.

म्हणजे अळीनं पानाला चावा घेतला तर खबर मुळापर्यंत पोचायला हवी. तशी ती पोचते. जखमी पानात जॅस्मोनिक आम्ल नावाचं रसायन तयार होतं, त्याचा सांगावा खाली जातो, मुळं कामाला लागतात आणि काही दिवसांत पानातलं निकोटिन वाढतं. खुडणीत आपण नेमकं हेच घडवतो. शेंड्यातून सतत खाली येणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक मुळांना आवर घालत असतं. शेंडा मोडला की तो आवर सुटतो. झाडाला मोठी जखम झाल्याचा सांगावाही सोबत जातो. मुळं फोफावतात, निकोटिन जोमानं बनू लागतं. वर फूल नाही, बी नाही. सगळं पानात साठतं. पानांच्या बगलेत फुटवे फुटतात तेही शेतकरी काढतो, कारण प्रत्येक फुटवा हा नवा शेंडाच. झाडाचा जीव वाचवायचा उपाय माणसानं कडक मालाची कृती म्हणून वापरला, तोही मुळातलं रसायनशास्त्र कळायच्या कित्येक पिढ्या आधी.

निकोटिन किड्यांच्या मज्जातंतूंवर घाव घालतं, म्हणूनच तंबाखूचा काढा शेतात फवारायची जुनी रीत होती. कोकणात आणि घाटात पावसाळी रान तुडवणारे लोक जळवा चिकटू नयेत म्हणून पायांना तंबाखू-चुना चोळतात, तोही याच गुणावर. पण निसर्गात कुठलंच कुलूप किल्लीवाचून राहत नाही. अमेरिकेत तंबाखू खाणारी एक जाडजूड शिंगाळी अळी आहे, तिला हे विष बाधत नाही. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या रानटी तंबाखूवर जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक संस्थेचे इयन बाल्डविन आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं काम करत होते. २०१४मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की ही अळी खाल्लेल्या निकोटिनचा थोडा भाग रक्तात राखते आणि अंगावरच्या श्वासछिद्रांतून बाहेर सोडते. रात्री शिकारीला आलेला कोळी तिला हात लावतो, तो वास लागताच मागे उडी मारतो आणि निघून जातो. ज्या अळ्यांची ही सोय शास्त्रज्ञांनी बंद पाडली, त्या कोळ्यांनी फस्त केल्या. झाडाचं शस्त्र अळीनं स्वतःचं चिलखत करून टाकलं. या अभ्यासकांत सागर पंडित होते, जे पुढं पुण्याच्या आयसरमध्ये आले. माणसाच्या तंबाखूच्या व्यसनावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. अळीच्या या श्वासाची गोष्टही मराठी मुलांच्या पुस्तकात यायला हवी.

निपाणीकडच्या शेतकऱ्याचा वैरी मात्र वेगळाच. तो पानावर येत नाही. तंबाखू भरात आली की तिच्या बुडाशी जमिनीतून फिकट, बिनपानांचे, मांसल दांडे वर येतात, त्यांना निळसर जांभळी फुलं. ही बंबाखू. तिच्यात हिरवा रंग औषधालाही नाही, म्हणजे स्वतःचं अन्न ती बनवूच शकत नाही. तिची बी तंबाखूच्या बीहूनही बारीक. मातीत ती वर्षानुवर्षं निपचित पडून राहते. पाऊस पडला, ऊन आलं तरी हलत नाही. जवळून यजमान झाडाचं मूळ गेलं आणि त्यातून पाझरणाऱ्या विशिष्ट रसायनाचा अंश तिच्यापर्यंत पोचला, तरच ती रुजते, मुळाला डसते आणि आतून रस ओढू लागते. दांडा जमिनीबाहेर दिसतो तेव्हा निम्मं नुकसान झालेलं असतं. शेतकरी तो फुलायच्या आत उपटतो, कारण एकदा बी सांडलं की पुढची कितीतरी सालं गेली. ज्या मुळांत निकोटिन शिजतं त्याच मुळांना ही बिनधास्त तोंड लावते, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

माणसाच्या अंगात निकोटिन काय करतं, हे समजून घेताना माणसाला स्वतःच्या मज्जासंस्थेबद्दलच खूप काही कळलं. निकोटिन वेगळं काढलं पोसेल्ट आणि रायमान या दोघांनी, हायडेलबर्गमध्ये, १८२८ साली. पुढं १८८९मध्ये केंब्रिजच्या जॉन न्यूपोर्ट लँगली यांनी सहकाऱ्यासह मज्जातंतूंच्या गाठींवर कुंचल्यानं निकोटिन लावलं. गाठ बधिर झाली की तिच्यातून पुढं जाणारा निरोप थांबे; तिच्यात न थांबता पलीकडे जाणारे तंतू मात्र चालूच राहत. अशा रीतीनं त्यांनी हृदय, आतडी, ग्रंथी चालवणाऱ्या, आपल्या इच्छेबाहेरच्या मज्जातंतूंचा नकाशा रेखला. मग १९०५मध्ये, स्नायूवर निकोटिनचा परिणाम कसा होतो हे पाहताना, त्यांनी मांडलं की पेशीवर निरोप घेणारं काहीतरी खास द्रव्य असलं पाहिजे. औषधशास्त्र आज ज्या ‘ग्राही’च्या कल्पनेवर उभं आहे, ती अशी तंबाखूच्या रसातून निघाली.

आपल्या शरीरात ॲसेटिलकोलिन नावाचं रसायन निरोप्याचं काम करतं. निकोटिनचा रेणू त्याच्या जागेवर जाऊन बसतो. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आखडतात, भूक मंदावते, आणि मेंदूत डोपामिन सुटून क्षणभर तरतरी येते. बिडीचा झुरका घेतल्यावर हा रेणू पंधरा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतो.

तोंडात धरलेल्या तंबाखूची चाल वेगळी, आणि तिथं आपला चुना येतो. पानात निकोटिन आम्लांशी बांधलेलं असतं. तशा रूपात ते गालाच्या आतल्या त्वचेतून सहज पार होत नाही. तळहातावर तंबाखू घेऊन नखानं चुना काढायचा, अंगठ्यानं रगडायचं, दोन थापट्या मारून खकाणा उडवायचा, मग चिमूट ओठाखाली. या मळण्यात चुन्याचा क्षार निकोटिनला मोकळं करतो आणि मोकळं निकोटिन त्वचेतून झिरपतं. चुना जास्त झाला तर तोंड भाजतं, कमी झाला तर ‘लागत’ नाही, म्हणून हात बसावा लागतो. गंमत पाहा: कॅलिफोर्नियातले योकुट लोक शिंपल्यांचा चुना तंबाखूत मिसळून खात. त्यांना आपला पत्ता नव्हता, आपल्याला त्यांचा नव्हता. आपल्याकडे विड्याला चुना हजारो वर्षं होताच. तंबाखू आली तेव्हा तिला तयार जोडीदार मिळाला.

अमेरिकेत माणूस आणि तंबाखू यांची ओळख किती जुनी? यूटाच्या वाळवंटात एका प्राचीन चुलीच्या राखेत जळलेल्या तंबाखूच्या बिया सापडल्या. ती चूल सुमारे १२,३०० वर्षांपूर्वीची आहे, असं २०२१मध्ये जाहीर झालं. तेव्हा तिथं शेतीही नव्हती. मक्याआधी, बटाट्याआधी माणसानं या झाडाकडे हात नेला होता, तोही पोट भरण्यासाठी नव्हे. मेक्सिकोतल्या पालेंके इथल्या माया मंदिराच्या दगडी पाटीवर एक म्हातारा देव कोरला आहे. तो धूर ओढतो आहे. ओरिनोको नदीच्या मुखाशी राहणाऱ्या वाराओ लोकांचा समज असा, की देवांचं अन्नच तंबाखूचा धूर आहे आणि तो माणसापाशी आहे. म्हणून शामान, म्हणजे त्यांचा मांत्रिक, लांबलचक चिरूट ओढून देवांना जेवू घालतो, आणि देव आपली राखण करतात. उत्तर अमेरिकेतल्या हॉडनॉशॉनी लोकांच्या सृष्टिकथेत आकाशातून आलेल्या स्त्रीची लेक मरते, तिला पुरतात, आणि त्या जागी मका, घेवडा, भोपळा यांच्याबरोबर तंबाखूही उगवते. त्यांच्यात आजही प्रार्थनेच्या वेळी तंबाखू अग्नीत घालतात. धुराबरोबर शब्द वर जातात. उत्तर अमेरिकेतल्या अनेक जमातींत औषधी मुळी उपटण्याआधी चिमूटभर तंबाखू त्या झाडाच्या बुडाशी ठेवण्याची रीत आहे. घेण्याआधी द्यायचं.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटते ती क्रो जमातीची रीत. त्यांची एक पवित्र तंबाखू होती. तिचं बी जपण्यासाठी, पेरण्यासाठी खास मंडळ, दीक्षा घेतलेले स्त्री-पुरुष, गाणी, मिरवणूक. त्या तंबाखूचं नातं ते ताऱ्यांशी सांगत. बी टिकेल तोवर जमात टिकेल, अशी श्रद्धा. आणि ही तंबाखू ते ओढत नसत! ओढायची तंबाखू वेगळी, साधी. एखादं झाड केवळ पेरण्यासाठी पेरावं, आपलं कुळ चालू राहावं म्हणून, ही कल्पना आमच्याकडच्या शेतकरी माणसाला सहज समजेल.

आपल्याकडे तंबाखू पुराणात नाही, वेदात नाही, संस्कृत निघंटूंच्या जुन्या थरात नाही. ती पोर्तुगीज गलबतांतून आली. पण दिल्ली-आग्ऱ्याच्या दरबारात ती पोचली ती आपल्याच दख्खनच्या वाटेनं. अकबराचा वकील असद बेग विजापूरला आदिलशाहीत गेला होता. बेळगावचा मुलूखही तेव्हा त्याच राज्यात. परतताना, १६०४-०५च्या सुमारास, त्यानं विजापूरची तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहापुढे ठेवली. अकबरानं दोन-तीन झुरके घेतले. हकीम घाबरला आणि त्यानं बादशहाला पुढं ओढू दिली नाही. आपल्या वैद्यकात या पाल्याचा उल्लेख नाही, असं त्याचं म्हणणं. असद बेगचा युक्तिवाद असा, की प्रत्येक गोष्ट कधीतरी नवीच असते. वाद असद बेगनं जिंकला, पण हकिमाची शंका आज वाचताना अंगावर काटा येतो. १६१७मध्ये जहांगीरनं तंबाखूवर बंदी घातली, तोवर ती सर्वदूर गेली होती.

चारशे वर्षांत ती आपल्याही देवाधर्मात शिरली, हे विशेष. शिर्डीचे साईबाबा चिलीम ओढत आणि आपली चिलीम आल्यागेल्याच्या हाती देत. धूपखेड्याच्या चांद पाटलाची हरवलेली घोडी आणि चिमटा जमिनीत खुपसून काढलेला निखारा, ही साईभक्तांची पाठ असलेली गोष्ट चिलमीभोवतीच घडते. शेगावच्या गजानन महाराजांच्या कथांतही चिलमीसाठी विस्तव हवा असतो. गोव्यात वेशीचं, बांधाचं रक्षण करणाऱ्या देवचाराला रोट, दारू आणि विडी ठेवतात. पितृपक्षात पानावर मेलेल्या आजोबांची आवडती चिमूटभर तंबाखू ठेवणारी घरं मराठी मुलखात पुष्कळ आहेत. वाराओंचा देव धूर मागतो, आपला देवचार विडी मागतो. दोघांमध्ये अख्खा महासागर आहे, पण राखणदाराला त्याच्या आवडीचं द्यावं ही समजूत एकच.

फरक आहे तो किती वेळा, याचा. ज्या लोकांनी तंबाखूला पवित्र मानलं त्यांच्याकडे तिला वेळ होती, जागा होती, ती देणारा अधिकारी माणूस होता. बाजारातल्या विडीला आणि पुडीला यातलं काही नाही; ती दिवसातून वीस वेळा, कुठेही, एकट्यानं. निकोटिन माणसाला बांधून ठेवतं, आणि त्या बांधलेल्या माणसाला बाकीची द्रव्यं मारतात. पान वाळताना, ढीग घालून तापवताना त्यात नायट्रोसअमाइन्स तयार होतात. ती कर्करोग आणतात. धुरातला डांबरी अंश आणि कार्बन मोनॉक्साइड वेगळे. विडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज चुकीचा आहे; तेंदूच्या पानातली विडी सारखी विझते, म्हणून ती जास्त वेळा आणि जास्त जोरानं ओढावी लागते. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, त्यांतले बहुतेक धुराविना, गालात धरून. आपल्या घराघरांतली मिश्री याच हिशेबात येते. दात घासायची म्हणून तिला कुणी व्यसन म्हणत नाही, पण हिरडीला ते कळत नाही.

ही तंबाखू पिकवणाऱ्यांचं आणि निवडणाऱ्यांचं दुःख वेगळंच. निपाणीच्या वखारींत खकाण्यात बसून पानं झोडपणाऱ्या, चाळणाऱ्या बायकांनी १९८०च्या आसपास संघटना बांधली. युगांतर या गटानं त्यांच्यावर १९८२मध्ये केलेल्या ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ या माहितीपटात त्या बायका स्वतः बोलतात. तंबाखूला भाव मिळावा म्हणून मार्च १९८१मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी बैलगाड्यांसह निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. या पिकावर ज्यांचं घर चालतं त्यांना ‘सोडून द्या’ असं सांगणं सोपं आहे. कोरडवाहू काळ्या रानात, पावसाच्या भरवशावर, रोख पैसा देणारं दुसरं पीक दाखवणं अवघड आहे. पाणी पोचलं तिथं ऊस आला, सोयाबीन आलं. बाकी रानाला अजून उत्तर हवं आहे. तंबाखूच्या पानातून सोलेनेसोल काढता येतं, आणि त्यापासून हृदयरोग्यांना दिलं जाणारं कोएन्झाइम क्यू-१० बनतं. बियांचं तेल आहेच. ही वाट रुंद व्हावी, असं मनापासून वाटतं.

ज्याला स्वतःची चंची सोडायची आहे, त्यानं एक गोष्ट माहीत करून घ्यावी. निकोटिन रोज येत राहिलं की मेंदूतले निरोप घेणारे ग्राही बधिर होतात आणि मेंदू त्यांची संख्या वाढवतो. तंबाखू बंद केली की हे जास्तीचे ग्राही उपाशी राहतात. चिडचिड, अस्वस्थपणा, झोप न येणं, सगळं तिथून येतं. पहिला आठवडा सर्वांत कठीण. पण मेंदू तसाच राहत नाही. साधारण दोन-तीन महिन्यांत ग्राहींची संख्या उतरून पुन्हा कधीच तंबाखू न घेणाऱ्या माणसाइतकी होत जाते. तोवर सोबत लागते, कधी औषध लागतं. राष्ट्रीय क्विटलाइनचा फोन फुकट लागतो आणि त्याचा क्रमांक तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो: १८००-११-२३५६.